भुताशी संवाद : विनोदी रक्तपिशाच-प्रेमकथेचे आकर्षण आणि मराठी परंपरा

प्रास्ताविक

इंग्रजी लोकप्रिय कथासाहित्यात गेल्या पंचवीस वर्षांत एक उपप्रकार चांगलाच स्थिरावला आहे. त्यातील नायक अथवा नायिका रक्तपिशाच, म्हणजे इंग्रजीत ज्याला व्हॅम्पायर म्हणतात ते पात्र असते. कथानक प्रेमाचे असते आणि निवेदनाचा सूर हलकाफुलका, खट्याळ असतो. शार्लेन हॅरिस यांची 'डेड अन्टिल डार्क' (२००१), मेरीजॅनिस डेव्हिडसन यांची 'अनडेड अँड अनवेड' (२००४) आणि केरलिन स्पार्क्स यांची 'हाऊ टू मॅरी अ मिलियनेअर व्हॅम्पायर' (२००५) ही त्याची ठळक उदाहरणे होत. आपल्याकडे हा प्रकार पुस्तकांपेक्षा पडद्यावर अधिक ठळकपणे आला. २१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेला 'थामा' हा हिंदी चित्रपट विनोदी रक्तपिशाच-प्रेमकथाच आहे, आणि त्याचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मराठी चित्रपटसृष्टीतून पुढे आलेले आहेत. त्याआधी २०२४ मध्ये त्यांनीच 'मुंज्या' हा कोकणातील लोकसमजुतीवर आधारलेला चित्रपट दिला होता.

या प्रकाराची गंभीर दखल घेण्यास आपली समीक्षा फारशी उत्सुक नसते. 'पलायनवादी', 'बाजारू' ही दोन विशेषणे वापरली की काम संपते. परंतु रक्तावर जगणाऱ्या मृतदेहाला पाहून वाचकाला हसू का यावे आणि त्याच्यावर प्रेम का जडावे, हा प्रश्न त्या विशेषणांनी सुटत नाही. पलायन करायचेच असेल तर माणसे रमणीय स्थळी पळतील. स्मशानाकडे कशाला पळतील? प्रस्तुत लेखात या आकर्षणाचा शोध घेतला आहे. ज्याचे भय वाटते ते या कथांत स्वतः बोलू लागते, तेही घरगुती, ओळखीच्या भाषेत, आणि या बोलण्यातच त्यांचे आकर्षण दडलेले आहे, असे येथे प्रतिपादन आहे. हास्य हे त्या संवादाचे दार आहे आणि प्रेम हे त्याचे उत्तर आहे. बोलणाऱ्या पिशाचाची ही कल्पना भारतीय परंपरेला परकी नाही. म्हणून या शोधाचा आरंभ वेताळापासून करणे सयुक्तिक ठरेल.

बोलणारे प्रेत : वेताळाचा वारसा

रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' या नावाने प्रसिद्ध केले. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९७ मध्ये आली. बर्टन यांचा शब्द काटेकोर नव्हता. वेताळ हा रक्त पिऊन जगणारा जीव नाही. तो प्रेतात संचार करणारा, प्रेताच्या मुखाने बोलणारा आत्मा आहे. तरीही या चुकीच्या भाषांतराने एक अर्थपूर्ण शेजार निर्माण केला. मेलेले असून न मेलेले, माणसाच्या सहवासाची ओढ असलेले आणि रात्रीच भेटणारे हे दोन जीव एकमेकांसमोर उभे राहिले.

अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त समाविष्ट असलेली वेताळकथांची चौकट सर्वपरिचित आहे. एका भिक्षूला दिलेल्या शब्दासाठी राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतातील वेताळ त्याला वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो व शेवटी प्रश्न विचारतो. राजा उत्तर देतो आणि मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जातो. मराठी वाचकाला हे कथाचक्र 'वेताळपंचविशी' या नावाने ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ते मराठी गद्यात आणले आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवरील 'विक्रम और बेताल' या मालिकेने ते घरोघरी नेले.

या चौकटीतील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की वेताळाच्या कित्येक गोष्टी प्रेमाच्या आणि विवाहाच्या पेचांच्या आहेत. एका तरुणीचे तीन वर, त्यांतील खरा पती कोण? नवरा आणि दुसरा पुरुष यांची मस्तके अदलाबदल झाली, तर स्त्रीने कोणाला आपले मानावे? थॉमस मान यांची 'द ट्रान्सपोज्ड हेड्स' ही कथा आणि गिरीश कर्नाड यांचे 'हयवदन' हे नाटक याच दुसऱ्या पेचातून उभे राहिले. दुसरी गोष्ट अशी की वेताळ चेष्टेखोर आहे. राजाला बोलते करून हरवणे हा त्याचा खेळ आहे. अखेरीस भिक्षूचा कपटी डाव तोच राजाला सांगतो आणि त्याचा प्राण वाचवतो. ज्याचे भय वाटावे तो मित्र ठरतो व ज्याच्यावर विश्वास ठेवला तो घातकी निघतो. भय, विनोद आणि प्रेमप्रश्न यांचे एकत्र येणे आपल्याकडे किती जुने आहे, याची यावरून कल्पना येते.

लोकपरंपरेतही वेताळाचे हे दुहेरी रूप टिकून आहे. गोवा आणि दक्षिण कोकणात तो गावाचा राखणदार देव आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावभर फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवाच्या वहाणा झिजण्याची काळजी करणाऱ्या या भक्तीत धाक आहेच, पण त्याहून अधिक घरोबा आहे.

विदर्भातील एक जुने उदाहरण : प्रेम आणि स्मशान

प्रेम आणि स्मशान यांची सांगड घालणारे सर्वांत उत्कट संस्कृत नाटक विदर्भाच्या सुपुत्राने लिहिले आहे. आठव्या शतकातील भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. त्याच्या 'मालतीमाधव' या प्रकरणाच्या पाचव्या अंकात प्रियतमेच्या प्राप्तीसाठी हताश झालेला माधव रात्री स्मशानात पिशाचांना नरमांस विकावयास निघतो. त्याच रात्री अघोरघंट हा कापालिक मालतीचा चामुंडेपुढे बळी देण्याच्या तयारीत असतो आणि माधव तिला सोडवतो. शृंगार, भयानक आणि बीभत्स हे तीन रस येथे एका अंकात एकत्र आले आहेत.

परंतु या अंकात एका घटकाचा अभाव आहे. भवभूतीच्या नाटकांत विदूषक नाही. परिणामी 'मालतीमाधवा'तील पिशाचे भीषणच राहतात. प्रेम त्यांच्याजवळून जाते, त्यांच्याशी बोलत नाही. प्रेमिकाने पिशाचांच्या गर्दीतून वाट काढावी आणि पलीकडे मानवी प्रियतमा असावी, ही भवभूतीची रचना आहे. आजच्या विनोदी कथेत प्रियतमाच पिशाच असते. या बदलासाठी हास्याची गरज का भासली, हे रसविचाराच्या आधारे अधिक स्पष्ट होऊ शकते.

हास्याचे कार्य : रसविरोध आणि त्याचा परिहार

भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगारापासून हास्याची व बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त रसांच्या परस्परविरोधाची यादी दिली आहे. तीनुसार भयानक आणि बीभत्स हे शृंगाराचे विरोधी आहेत, आणि भयानक हा हास्याचाही विरोधी आहे. म्हणजे रक्तपिशाच-प्रेमकथा शास्त्रदृष्ट्या एक अशक्य मिश्रण आहे. आनंदवर्धनाने मात्र 'ध्वन्यालोका'त अशा विरोधाचा परिहार कसा करावा याचेही मार्ग दाखवले आहेत. दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा रस योजावा, हा त्यांपैकी एक.

विनोदी रक्तपिशाच-प्रेमकथेत हे मधले स्थान हास्याला मिळाले आहे. हास्य एका बाजूने भयानकाचे विरोधी असल्यामुळे त्याची धार बोथट करते. दुसऱ्या बाजूने ते शृंगाराचे अपत्य असल्यामुळे त्याच्या घरी सहज प्रवेश मिळवून देते. विनोद हे येथे वरून शिंपडलेले मीठ नाही. तो काढून टाकला तर प्रेम आणि रक्त यांचा सांधाच निखळतो.

पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रातील एक मत याच्याशी जुळते. नोएल कॅरोल यांनी भय आणि विनोद यांच्या नात्यावर १९९९ मध्ये लिहिलेल्या निबंधात असे मांडले आहे की राक्षस आणि विदूषक हे दोघेही आपल्या वर्गवाऱ्या मोडणारे असतात. जिवंत की मृत, माणूस की पशू हे ठरवता न येणारा जीव धोकादायक वाटला की भय उपजते, आणि धोका काढून घेतला की उरलेली विसंगती हास्यास्पद होते. रक्तपिशाचाच्या बाबतीत धोका पूर्णपणे निघून जात नाही, तो फक्त शिष्टाचाराच्या आवरणाखाली जातो. त्यामुळे वाचक हसत असताना अंगावर थोडा काटा राहतोच. हा उरलेला काटा म्हणजेच या प्रकारातील शृंगाराचा ताण होय.

मौनापासून गप्पांपर्यंत : रक्तपिशाचाच्या आवाजाचा प्रवास

'ड्रॅक्युला' ही कादंबरी रोजनिश्या, पत्रे आणि वृत्तपत्रीय कात्रणे यांतून उलगडते. तीत जवळजवळ प्रत्येक प्रमुख पात्राला लेखणी मिळाली आहे. रोजनिशी नाही ती फक्त ड्रॅक्युलाला. त्याच्याविषयी सगळे लिहितात, परंतु त्याची बाजू वाचकापर्यंत पोहोचत नाही. अॅन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' (१९७६) या कादंबरीत रक्तपिशाच दीर्घ आत्मनिवेदन करतो, पण त्याचा सूर शोकात्म आणि भारदस्त आहे. नीना ऑअरबाख यांनी १९९५ मध्ये म्हटल्याप्रमाणे प्रत्येक युगाला त्याला साजेसे रक्तपिशाच मिळते, हे मान्य केले तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी मिळालेले रक्तपिशाच गप्पिष्ट आहे, असे म्हणावे लागेल.

डेव्हिडसन यांची नायिका बेट्सी टेलर ही नोकरी गेलेली सचिव आहे. अपघातात मरते आणि अंत्यसंस्काराच्या जागी जागी होते. जागी झाल्यावर तिला सर्वाधिक संताप कशाचा येतो, तर आपल्या पायांत स्वस्तातले बूट घातले आहेत याचा. मृत्यूपेक्षा बूट महत्त्वाचे वाटावेत हा विनोद वरकरणी उथळ आहे. पण त्यातून एक गोष्ट साधते. मृत्यूनंतरही ती तीच राहिली आहे. तिची हौस, तिचे हट्ट, तिच्या सावत्र आईवरचा राग हे सारे शाबूत आहे. मृत्यूने माणूस परका होतो, या आदिम भयाला दिलेले हे घरगुती उत्तर आहे. आपले गेलेले माणूस परत आले, तर ते 'ते'च असेल का, ही शंका प्रत्येक संस्कृतीच्या भूतकथांच्या मुळाशी असते. बेट्सी म्हणते, होय, तीच आहे, आणि अजून कटकटी आहे.

हॅरिस यांची सूकी स्टॅकहाऊस ही लुइझियानातील एका लहान गावातील उपाहारगृहात वाढपीण आहे. तिला इतरांच्या मनातले ऐकू येते. या शक्तीमुळे तिला प्रेम अशक्य झाले आहे, कारण समोरचा पुरुष काय विचार करतो आहे हे सतत कानी पडते. बिल हा रक्तपिशाच भेटतो तेव्हा त्याच्या मनातून काहीच ऐकू येत नाही आणि तिला आयुष्यात प्रथमच शांतता मिळते. येथे रक्तपिशाचाचे आकर्षण त्याच्या सामर्थ्यात नाही. त्याला काय वाटते हे जाणून घेण्यासाठी त्याला विचारावे लागते, यात ते आहे. संवादाची गरज निर्माण होते. कृत्रिम रक्ताच्या शोधामुळे या कादंबरीतील रक्तपिशाचे उघडपणे समाजात राहू लागली आहेत. शेजारी, गिऱ्हाईक, भाडेकरू अशा साध्या नात्यांत ती येतात आणि विनोद याच नात्यांतून निर्माण होतो.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. रक्तपिशाचाची मोहिनी, जिच्यामुळे माणूस आपली इच्छा हरवून बसतो, ती सूकीवर चालत नाही. तिने होकार दिला तर तो तिचाच होकार असतो. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या अभ्यासात दाखवले होते की प्रेमकथांच्या वाचक स्त्रियांना कठोर दिसणाऱ्या पुरुषाच्या अंतरंगी कोमलता सापडण्याची कल्पना सुखावते. या कल्पनेत धोका आहे, कारण तीमुळे कठोरपणालाच प्रेमाचे लक्षण मानण्याची सवय लागते. स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' (२००५) मध्ये नायक रात्री चोरून नायिकेच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहतो आणि कादंबरी याला उत्कटता म्हणते. तेथे हसण्याला जवळजवळ वाव नाही, म्हणूनच हे खपून जाते. विनोदी कथेतील नायिका अशा प्रसंगी उलट बोलते. विनोद मोहिनी तोडतो. या अर्थाने हलकीफुलकी कथा गंभीर कथेपेक्षा अधिक सावध ठरू शकते.

मराठी भूत : सोबती, मागणी घालणारा, जोडीदार

मराठी भूतसृष्टी मुळातच नात्यांची आणि अपुऱ्या इच्छांची सृष्टी आहे. मुंजा, हडळ, जखीण, समंध, ब्रह्मराक्षस, खवीस ही नावे पाहिली तर प्रत्येकामागे एक सामाजिक स्थान व एक अतृप्त वासना दिसते. भूत कोण होते, कोणत्या जातीचे, स्त्री की पुरुष, लग्न झाले होते की नाही, यावर त्याचे नाव ठरते. पाश्चात्त्य रक्तपिशाच प्रायः एकाकी उमराव असतो, तर मराठी भूत कोणाचा तरी नातलग असते.

तरीही मराठी मुद्रित साहित्यात विनोदी भूत-प्रेमकथा स्वतंत्र प्रकार म्हणून रुजली नाही. विनोदाची परंपरा समृद्ध होती. मराठी विनोदाचे आद्यप्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ मध्ये नागपुरातच झाला, आणि 'सुदाम्याचे पोहे'मधील त्यांच्या विनोदाचे लक्ष्य रूढी व अंधसमजुती हेच होते. पण तो विनोद बुद्धिवादी होता. भूत हे खोटे आहे हे दाखवणे त्याला पुरेसे होते, भुताचे म्हणणे ऐकण्याचे त्याला कारण नव्हते. दुसरीकडे नारायण धारप यांच्या भयकथेत अशुभ शक्ती खरी आहे आणि तिचा पाडाव करणे हे कर्तव्य आहे. स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट'वर आधारलेल्या त्यांच्या 'लुचाई'त रक्तपिशाच मराठी कादंबरीत आले, पण ते शत्रू म्हणून. रत्नाकर मतकरी यांची गूढकथा माणसाच्या मनोव्यापारांकडे वळली. दिवाळी अंकांच्या व्यवहारानेही ही विभागणी पक्की केली. विनोदासाठी 'आवाज', गूढ आणि भयासाठी 'नवल' किंवा 'धनंजय', अशी वाचकांची सवय घडली. एका अंकात भूत खोटे आणि दुसऱ्यात भूत वैरी, तेव्हा भुताशी बोलायचे कोणी?

हे काम मराठी चित्रपटाने केले. 'एक डाव भुताचा' (१९८२) मध्ये अशोक सराफ यांचे भूत दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेल्या साध्याभोळ्या मास्तराचा सोबती होते. 'भुताचा भाऊ' (१९८९) या नावातच नाते आहे. महेश कोठारे यांच्या 'पछाडलेला' (२००४) मध्ये जुना वाडा, तीन मित्र आणि इनामदार भुस्नळ्यांचे भूत यांच्यावर हास्य उभारले आहे. या चित्रपटांत भूत प्रेमिकांच्या आसपास असते, कधी मदतनीस तर कधी अडथळा म्हणून. ते स्वतः प्रेमाचे पात्र नसते. सरपोतदार यांचाच 'झोंबिवली' (२०२२) हा मराठी चित्रपट या संदर्भात बोलका आहे. त्यात डोंबिवलीतील झोंबी विनोदाचे आणि सामाजिक टीकेचे साधन होतात, पण त्यांच्याशी प्रेम जुळू शकत नाही. झोंबी बोलत नाही.

'मुंज्या'मध्ये भूत मागणी घालते. मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, ही आपली जुनी समजूत. चित्रपटातील मुंजाला लग्नाचा ध्यास आहे, आणि ज्या मुलीवर तो हक्क सांगतो तिच्या इच्छेशी त्याला कर्तव्य नाही. हास्य येथे त्याच्या बालिश हट्टाकडे वळवले आहे. नकार ऐकू न येणारे प्रेम हे प्रौढ प्रेम नसून पोराचा हट्ट आहे, हे चित्रपट हसवत सांगतो. ही त्याची जमेची बाजू होय. त्याची मर्यादा अशी की मुंजाला स्वतःचे दुःख फारसे उरत नाही. ज्या समाजाने त्याची मुंज करून त्याच्या बालपणाला विधीच्या चौकटीत बसवले, त्या समाजावर हसण्याची संधी चित्रपट अर्ध्यावर सोडतो.

'थामा'मध्ये भूत जोडीदार होते. आयुष्मान खुराणा यांनी साकारलेला आलोक हा पत्रकार आणि रश्मिका मंदाना यांनी साकारलेली ताडका ही बेताळ स्त्री यांचे हे प्रेम आहे. येथील बेताळ रक्त पितात, म्हणजे बर्टन यांचे १८७० मधील भाषांतर दीडशे वर्षांनी भारतीय पडद्यावर प्रत्यक्षात आले आहे. नायिकेचे नावही अर्थपूर्ण आहे. ज्या राक्षसीच्या नावावरून मराठीत कजाग स्त्रीला 'त्राटिका' म्हटले जाते, तिचे नाव येथे प्रेयसीला मिळाले. मध्यमवर्गीय घरात ती येते तेव्हा सून म्हणून होणाऱ्या तिच्या पारखणीतून निर्माण होणारा विनोद चित्रपटाचा सर्वांत सशक्त भाग आहे. सासरी आलेली प्रत्येक मुलगी काही काळ त्या घरात परग्रहावरची असते, हे सत्य त्यात आहे. परंतु पुढे कथेचे केंद्र नायकाच्या रूपांतराकडे आणि बेताळांच्या सत्तासंघर्षाकडे सरकते. हाणामारी वाढते तसा संवाद कमी होतो आणि संवाद कमी होताच प्रेमकथाही फिकी पडते. प्रस्तुत लेखातील प्रतिपादनाला हा चित्रपट आपल्या यशाने जितका दुजोरा देतो, तितकाच अपयशानेही देतो.

हसण्याचा रोख

विदर्भात बसून भुताखेतांच्या विनोदाविषयी लिहिताना एक प्रश्न टाळता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी या गावी, भानामतीच्या संशयावरून स्त्रिया व वृद्धांसह काही जणांना बांधून मारहाण करण्यात आली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच झाला होता, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर तो अस्तित्वात आला. जेथे चेटकाच्या संशयाने माणसांचा छळ होतो, तेथे चेटकीण, हडळ, बेताळ यांना गोड आणि विनोदी करून दाखवणे अंधश्रद्धेला बळ देणारे नाही काय?

हा आक्षेप गंभीर आहे व त्याला सरसकट उत्तर नाही. तथापि एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. अंधश्रद्धेच्या व्यवहारात भुताला अथवा चेटकीण ठरवलेल्या स्त्रीला स्वतःचा आवाज नसतो. तिच्या वतीने मांत्रिक बोलतो, गाव बोलते. तिने काही सांगितले तर तेच तिच्याविरुद्ध पुरावा ठरते. आलेल्या संकटाला गुन्हेगार हवा असतो आणि मौन बाळगणारा गुन्हेगार सर्वांत सोयीचा असतो. विनोदी रक्तपिशाच-प्रेमकथा नेमके हे मौन मोडते. तिच्यातील पिशाच संकटाचे कारण म्हणून येत नाही. आवडीनिवडी, लाज, हट्ट आणि एकटेपण असलेली व्यक्ती म्हणून येते. जिची आपण कैफियत ऐकली, जिच्यासोबत हसलो, तिला खांबाला बांधणे मनाला जड जाते. कथेने वास्तवातील क्रौर्य थांबते असा भाबडा दावा येथे नाही. मात्र क्रौर्याला लागणाऱ्या कल्पनेपेक्षा वेगळी कल्पना ती वाचकाला देते, एवढे निश्चित.

म्हणून या प्रकारातील कृतींचे मूल्यमापन करताना एक कसोटी सुचवावीशी वाटते. हसण्याचा रोख कोणाकडे आहे? जिची भीती घातली जाते तिच्या रूपाकडे, वयाकडे, एकटेपणाकडे असेल, तर तो विनोद गावाच्या बाजूचा आहे. मराठीत 'हडळ' व 'जखीण' हे शब्द स्त्रीला देण्याच्या शिव्या म्हणून वापरले जातात. त्या शिव्यांवर पोसलेला विनोद पडद्यावर आणि पुस्तकात विपुल आहे. उलट हसण्याचा रोख भय निर्माण करणाऱ्या सत्तेकडे, मोहिनीकडे किंवा नकार न ऐकणाऱ्या हट्टाकडे असेल, तर तो विनोद बोलणाऱ्याच्या बाजूचा आहे. बेट्सी आणि सूकी या कसोटीवर बऱ्याच अंशी उतरतात. 'मुंज्या' उतरतो, पण त्याला अधिक धीट होता आले असते. 'थामा' पूर्वार्धात उतरतो.

समारोप

विनोदी रक्तपिशाच-प्रेमकथेचे आकर्षण मृत्यूपासून पळून जाण्यात नाही. मृत्यू, इच्छा आणि परकेपणा यांना घरात बोलावून त्यांच्याशी बोलता यावे, या मानवी गरजेत ते आहे. हास्यामुळे भयानक आणि शृंगार यांतील शास्त्रोक्त विरोध निवळतो, आणि संवाद शक्य होतो. ही गरज भारतीय मनाला नवी नाही. वेताळाने राजाला प्रेमाचे पेच ऐकवले तेव्हापासून ती आपल्या कथापरंपरेत आहे. भवभूतीने प्रेमिकाला स्मशानापर्यंत नेले आणि कोल्हटकरांनी विनोद रूढींपर्यंत नेला. या दोन वैदर्भीय वाटा मराठी गद्यात अद्याप एकमेकींना मिळालेल्या नाहीत. लोकप्रिय चित्रपटाने त्या जोडण्याचा प्रयत्न केला, तोही मुख्यतः हिंदीतून.

मराठी कथाकारांसाठी येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. मुंजा, हडळ, वेताळ यांच्या नावांत इतिहास, जात, लिंगभाव आणि अपुऱ्या इच्छा ठासून भरल्या आहेत. त्यांना खोटे ठरवून किंवा त्यांचा पाडाव करून झाला आहे; त्यांच्या तोंडून गोष्ट ऐकणे मात्र बाकी आहे. आणि अध्यापक म्हणून आपल्यालाही, विद्यार्थी जी पुस्तके बाकाखाली ठेवून वाचतात, त्यांतील भूत काय सांगत आहे, हे एकदा ऐकून घ्यावे लागेल.